शिलाई यंत्राच्या कारखान्यातले पिस्तूल

सिंगरचे शिलाई यंत्र कितीतरी मराठी घरांत एके काळी आईच्या पायाखाली लयीत चालत असे. याच सिंगर कंपनीने १९४१ साली लष्करासाठी पिस्तुले बनवली होती, असे सांगितले तर कोणाला चटकन खरे वाटणार नाही. पण बनवली होती, मोजून ५००! पिस्तुलाचा मूळ आराखडा जॉन मोझेस ब्राउनिंग यांचा होता आणि त्यांना जाऊन तेव्हा पंधरा वर्षे होत आली होती.

ब्राउनिंग यांचा जन्म २३ जानेवारी १८५५ चा, अमेरिकेच्या युटा प्रांतातल्या ऑग्डेन गावचा. वडील जोनाथन हे बंदुकांचे कारागीर आणि मॉर्मन पंथाचे. तीन बायका, बावीस मुले असा त्यांचा संसार! दुकानातल्या भंगारातून जॉनने दहाव्या वर्षाच्या सुमारास पहिली बंदूक जुळवली. १८७९ साली त्याला पहिले पेटंट मिळाले. ती रायफल १८८३ मध्ये विंचेस्टर कंपनीने ८,००० डॉलरना विकत घेतली आणि पुढची एकोणीस वर्षे ब्राउनिंग यांच्या कल्पना त्याच दारात जात राहिल्या. मग बिनसले. आपोआप भरणाऱ्या नव्या बंदुकीवर ब्राउनिंग यांनी नगामागे मोबदला मागितला, कंपनीला एकरकमी सौदा हवा होता. ते रेमिंग्टनकडे गेले, तर भेटीच्या दिवशीच तिथले अध्यक्ष हृदयविकाराने वारले. शेवटी ब्राउनिंग यांनी बेल्जियमची वाट धरली. लिएजजवळच्या हेरस्टालमधला एफएन कारखाना हे त्यांचे दुसरे घर झाले.

फिलिपाइन्समधल्या लढायांत अमेरिकी सैनिकांची जुनी रिव्हॉल्व्हरे कमी पडली होती. लष्कराला जाड गोळीचे, भरवशाचे पिस्तूल हवे होते. ब्राउनिंग यांच्या पिस्तुलात गोळी सुटताना मागे बसणाऱ्या धक्क्यानेच पुढचे काम होते. नळी आणि तिच्यावरचा सरकता भाग किंचित एकत्र मागे जातात, मग नळी खाली झुकून सुटते, रिकामे काडतूस बाहेर पडते आणि स्प्रिंग नवे आत ढकलते. दोन दिवसांत ६,००० गोळ्या झाडून पाहिल्या. तापले की पाण्यात बुडवायचे आणि पुन्हा सुरू. एकदाही अडले नाही. २९ मार्च १९११ रोजी ते लष्करात दाखल झाले.

१९१४ मध्ये बेल्जियमने ब्राउनिंग यांना मानाचा किताब दिला. त्याच वर्षी सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजावर गोळ्या झाडणाऱ्या प्रिन्सिपच्या हातात एफएनमध्ये बनलेले ब्राउनिंग पिस्तूलच होते. महायुद्ध पेटले. अमेरिका त्यात उतरल्यावर ब्राउनिंग यांनी हे पिस्तूल आणि दोन मशीनगन यांचे हक्क सरकारला साडेसात लाख डॉलरना दिले. नगामागे मोबदला घेतला असता तर याच्या कितीतरी पट मिळाले असते. विंचेस्टरशी पैशावरून फारकत घेणारा तो हाच माणूस, हे इथे विसरता येत नाही.

खंदकांतल्या अनुभवाने काही उणिवा दिसल्या. घोडा मागे येताना अंगठ्याजवळच्या कातडीला चिमटा घेई, म्हणून मुठीमागची शेपटी लांबवली. आखूड बोटांच्या शिपायांसाठी चाप लहान केला आणि त्यामागचे लोखंड दोन्ही बाजूंनी तासले. मुठीच्या मागच्या भागाला बाक दिला. १९२६ मध्ये या रूपाला ए-१ हे नाव मिळाले. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला हेरस्टालच्या कारखान्यात, मुलाच्या खोलीत, ब्राउनिंग यांचे हृदय थांबले. त्यांनी अपुरे ठेवलेले नवे पिस्तूल दियुदोने सैव्ह यांनी पूर्ण केले, ते १९३५ चे हाय-पॉवर.

दुसऱ्या महायुद्धात तर गंमतच झाली. हेरस्टाल जर्मनांनी बळकावले आणि हाय-पॉवर त्यांच्या सैन्यासाठी निघू लागले. तिकडे कॅनडात टोरांटोच्या इंग्लिस कारखान्यात तेच पिस्तूल दोस्तांसाठी! जर्मन ताब्यातल्या मालावरची सफाई वर्षागणिक उतरत गेली. इंग्लिसने चीनसाठी लांब पल्ल्याची माशी आणि खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता दिला, इतरांसाठी साधे रूप ठेवले. आपल्या लष्कराचे इशापूरला बनलेले ९ मिलिमीटरचे पिस्तूल याच घराण्यातले.

अमेरिकेत कोल्टबरोबर टाइपरायटरवाले रेमिंग्टन रँड, रेल्वेचे सिग्नल करणारी युनियन स्विच, शिकारी बंदुकांची इथाका असे सगळे कामाला लागले. एकट्या रेमिंग्टन रँडने नऊ लाखांच्या आसपास पिस्तुले केली. अट कडक होती : एका कारखान्याचा सुटा भाग दुसऱ्याच्या पिस्तुलात बसलाच पाहिजे. झिलई मात्र गेली, राखाडी मुलामा आला. अक्रोडाच्या लाकडाऐवजी मुठीवर तपकिरी प्लॅस्टिक लागले.

आणि सिंगर? पाचशे पिस्तुलांनंतर तिचे कसब सरकारने तोफांच्या नेमबाजीची यंत्रे बनवण्याकडे वळवले. ती पिस्तुले बहुतेक वैमानिकांकडे गेली. त्यांतले एक २०१७ साली लिलावात चार लाख डॉलरच्याही वर गेले.