आंरी ब्राकोनो: अळिंबीच्या चोथ्यात कायटिन शोधणारे शास्त्रज्ञ

कृषी सेवा केंद्रात दिसणाऱ्या कायटोसानच्या बाटलीची गोष्ट फ्रान्समधल्या अळिंबीपासून सुरू होते.

आंरी ब्राकोनो यांचा जन्म १७८० मध्ये कोमेर्सी येथे झाला. तेराव्या वर्षीच ते नांसी शहरात एका औषधनिर्मात्याकडे उमेदवारीला लागले. पुढे पॅरिसला शिकले आणि १८०७ मध्ये नांसीच्या वनस्पती उद्यानाचे संचालक झाले. १८११ मध्ये त्यांनी अळिंबीवर अल्कलीच्या द्रावणाची प्रक्रिया केली. बरेच काही विरघळले, पण एक चोथा तसाच राहिला. तुम्ही-आम्ही तो फेकून दिला असता! त्यांनी तो तपासला, त्यात नत्र सापडले आणि लाकडाच्या तंतूपेक्षा हे काहीतरी वेगळे आहे हे त्यांनी ओळखले. नाव दिले फंजिन. तेच आजचे कायटिन. हे नाव १८२३ मध्ये कीटकांच्या कवचावर काम करणाऱ्या ओदिए यांनी दिले.

चिवट पदार्थ आम्लाने फोडून पाहणे हे ब्राकोनो यांचे आवडते काम. १८१९ मध्ये त्यांनी चिंध्या आणि लाकडाच्या भुशापासून सल्फ्युरिक आम्लाने साखर तयार केली. १८२० मध्ये जिलेटिनमधून ग्लायसिन मिळवले.

१८५५ मध्ये ते वारले. चारच वर्षांनी रुजे यांनी कायटिन तीव्र अल्कलीत उकळून आम्लात विरघळणारा पदार्थ मिळवला. तोच कायटोसान.

ब्राकोनो जे आम्लाने करत, ते मातीतले बॅसिलस आणि स्ट्रेप्टोमायसेस जिवाणू विकराने करतात. त्या विकराचे नाव कायटोसानेज. आम्ल साखळी कशीही तोडते, विकर मात्र ठरावीक जोडावर कापते आणि आखूड तुकडे देते. त्यांना ऑलिगोसॅकराइड म्हणतात.

तुमच्या दृष्टीने फरक इथे आहे. लांब साखळीचा कायटोसान साध्या पाण्यात विरघळत नाही, त्याला सौम्य आम्ल लागते. आखूड तुकडे पाण्यात सहज विरघळतात. पिकाला ते बुरशीच्या कवचाचे तुकडे वाटतात आणि ते आपली प्रतिकारयंत्रणा जागी करते. म्हणून फवारणी रोग येण्याआधीच करावी. पसरलेला करपा याने आटोक्यात येईल अशी आशा धरू नका. बोर्डो मिश्रणासारख्या अल्कधर्मी द्रावणात कायटोसान मिसळू नका, तो फाटून तळाशी बसतो. बाटलीत कायटोसान आहे की ऑलिगोसॅकराइड, हे खरेदीआधी लेबलवर पाहा. लिहिलेले नसेल तर विक्रेत्याला विचारा.