शंकर आबाजी भिसे : एका संशोधकाची ओढाताण

आपल्या ग्रंथालयाच्या जुन्या कपाटातील एखादे पुस्तक हाती घ्यावे आणि पानाच्या मागल्या अंगावरून हलकेच बोट फिरवावे. अक्षरांचे बारीक उंचवटे बोटाला जाणवतात. शिशाच्या खिळ्यांनी कागदावर उमटवलेला तो दाब होय. संगणकावर जुळणी होऊ लागल्यापासून खिळा हा शब्दच मुद्रणव्यवहारातून मागे पडला. त्यामुळे नव्या वाचकास हे मुद्दाम सांगावे लागते की, पूर्वी प्रत्येक अक्षर आधी धातूत ओतले जाई, मग जुळारी ते उचलून ओळीत बसवी आणि त्यानंतरच पुस्तक छापले जाई. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला तो आधी खिळे ओतण्याच्या कारखान्यात हात बसल्यानंतर. मराठी ग्रंथांचा पाया हा असा अक्षरशः शिशाचा आहे. या ओतकामास वेग यावा म्हणून ज्या मराठी माणसाने आपल्या ऐन उमेदीची वीसएक वर्षे वेचली, त्या शंकर आबाजी भिसे यांचे स्मरण ग्रंथालयाच्या शताब्दीच्या निमित्ताने करणे उचितच ठरेल.

भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत झाला. यंत्रशास्त्राचे रीतसर शिक्षण त्यांना लाभले नाही. 'सायंटिफिक अमेरिकन' या नियतकालिकाचे अंक हीच त्यांची शाळा. वयाच्या चौदाव्या वर्षी दगडी कोळशापासून दिव्याचा वायू काढण्याचे लहानसे उपकरण त्यांनी घरीच तयार केले. पुढे विशीत त्यांनी मुंबईत विज्ञानाची आवड असणाऱ्या मंडळींची एक संस्था काढली आणि नाना खटपटी चालवल्या. भेसळ करता येऊ नये अशी बाटली, विजेवर चालणाऱ्या सायकलीची जुळवाजुळव, उपनगरी आगगाडीतील उतारूंना स्थानक कळावे म्हणून दर्शक, अशा त्या खटपटी होत्या. यांतील शेवटची कल्पना पाहून आजच्या मुंबईकरास हसू येईल, कारण ती सोय सर्रास होण्यास पुढे बराच काळ जावा लागला.

याच काळात त्यांचे चित्त प्रकाशाच्या करामतींत रमले होते. आरसे, काचा आणि दिवे यांच्या योजनेने पाहणाऱ्याच्या डोळ्यांदेखत एका घन वस्तूचे रूपांतर दुसऱ्या वस्तूत झाल्याचा भास निर्माण करणे, हा या प्रयोगांचा विषय. रंगभूमीवर जादू म्हणून जे खपते ते मुळात परावर्तनाचे गणित असते. भिसे यांनी ते प्रयोग इंग्लंडात मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये करून दाखवले आणि पाहणाऱ्यांची वाहवा मिळवली. १८९४ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष झालेले आयर्लंडचे आल्फ्रेड वेब यांच्या हस्ते त्यांना सुवर्णपदकही लाभले.

तथापि करामतीने पोट भरत नाही आणि उद्योगही उभा राहत नाही. भिसे यांच्या आयुष्यास वळण लागले ते एका साध्या, वाणसामानाच्या यंत्राने. संशोधकांसाठी निघणाऱ्या एका इंग्रजी नियतकालिकाने किराणा माल आपोआप वजन करून देणाऱ्या यंत्राच्या आराखड्यासाठी स्पर्धा लावली. मुंबईत बसून भिसे यांनी आराखडा पाठवला आणि खुद्द इंग्रज स्पर्धकांना मागे टाकून बक्षीस पटकावले. मुंबईच्या पुढाऱ्यांचे लक्ष त्यांच्याकडे वेधले ते यामुळे. काँग्रेसचे दिनशा वाच्छा यांनी लंडनमधील दादाभाई नौरोजींच्या नावे पत्र देऊन त्यांची रवानगी केली.

दादाभाई त्या वेळी सत्तरी ओलांडलेले. हिंदुस्थानातून संपत्ती कशी वाहून जाते याचे आकडे जुळवण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. त्यांचे वास्तव्य लंडनच्या अनर्ली या उपनगरात, क्रिस्टल पॅलेसच्या अगदी जवळ. त्याच क्रिस्टल पॅलेसमध्ये भिसे यांच्या विजेच्या जाहिरात-फलकाची चाचणी झाली. या वृद्ध अर्थशास्त्रज्ञाने एका होतकरू यंत्रज्ञावर स्वतःचा पैसा का लावावा, हा प्रश्न सहज मनात येतो. माझ्या मते त्याचे उत्तर दादाभाईंच्या विचारातच आहे. कच्चा माल देणारा देश बुद्धीही देऊ शकतो, आणि त्या बुद्धीचे मोल परत देशाकडे येऊ शकते, हे दाखवण्याची ही एक संधी होती.

येथे पेटंटाविषयी, ज्यास आपण आता एकस्व म्हणतो त्याविषयी, दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. विलायतेत १८८३ च्या कायद्याने अर्जाची सुरुवातीची फी पंचवीस पौंडांवरून चार पौंडांवर आली, आणि सामान्य माणसासही शोध नोंदवणे आवाक्यात आले. हक्क मिळे चौदा वर्षांचा. पण तो टिकवायचा तर चौथ्या वर्षापासून दरसाल चढती फी भरावी लागे. न भरल्यास हक्क बुडे. शिवाय एका देशातले पेटंट दुसऱ्या देशात चालत नसे. हिंदुस्थानात १८८८ चा कायदा होता, अमेरिकेचा निराळा. म्हणजे एकाच यंत्रासाठी ठिकठिकाणी अर्ज, ठिकठिकाणी वकील आणि ठिकठिकाणी पैसा. भिसे यांच्या नावावर सुमारे चाळीस पेटंटे आणि दोनशेच्या घरात शोध सांगितले जातात. विजेचे फलक, स्वयंपाकघरातील उपकरणे, दूरध्वनी, शौचकूप आपोआप धुणारी टाकी, डोकेदुखीवरील उपकरण, अशी ती लांबलचक यादी आहे. वाचताना कौतुक वाटते, पण त्याचबरोबर मनात एक शंकाही डोकावते. इतक्या दिशांना धावणाऱ्या माणसाच्या हातून एखादी गोष्ट शेवटास जावी कशी?

एका गोष्टीचा मात्र त्यांनी अखेरपर्यंत पिच्छा पुरवला. ती गोष्ट म्हणजे खिळे ओतण्याचे यंत्र.

खिळा ओतण्याची कृती दिसते सोपी. अक्षराचा खोलगट ठसा असलेली मातृका साच्याच्या तोंडाशी बसवायची आणि शिसे, अँटिमनी व कथील यांचा वितळलेला रस आत दाबायचा. अँटिमनीमुळे खिळा कठीण होतो आणि थिजताना आक्रसत नाही. परंतु रस थिजण्यास क्षणभर वेळ लागतो, आणि सगळी अडचण आहे ती त्या क्षणात. घाई केली तर खिळा पोकळ निघतो. धीर धरला तर वेग मारला जातो. शिवाय सर्व खिळ्यांची उंची केसभरही कमीअधिक होऊन चालत नाही, अन्यथा छापताना एक अक्षर गडद आणि शेजारचे पुसट उमटते. मर्गेनथालर यांच्या लायनोटाइपने १८८६ पासून अख्खी ओळच एकसंध ओतण्यास आरंभ केला होता आणि लान्स्टन यांचे मोनोटाइपही पुढे आले होते. तरीसुद्धा सुट्या खिळ्यांची मागणी मोठी होती, आणि ते ओतणारी तत्कालीन यंत्रे मिनिटाला दीडशेच्या आसपास खिळे देत. भिसे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी 'भिसोटाइप' या नावाने जे यंत्र योजले, त्यात पुष्कळ खिळे एकाच वेळी ओतून मिनिटाला बाराशेंपर्यंत मजल मारण्याचा मनसुबा होता.

लंडनच्या जाणत्यांचा यावर विश्वास बसेना. कॅस्लन हे इंग्लंडातील पिढ्यान्‌पिढ्यांचे नामांकित खिळेवाले. त्यांच्या यंत्रज्ञांनीही शंका घेतल्या. शंकांना उत्तर एकच असते, आणि ते म्हणजे प्रत्यक्ष चालते यंत्र. ते उभारण्यास पैसा हवा होता. दादाभाईंनी आपले स्नेही, इंग्रज समाजवादी हेन्री हिंडमन यांना या कामी घातले. भांडवलशाहीवर आयुष्यभर आसूड ओढणाऱ्या हिंडमनसाहेबांनी भांडवल गोळा करण्यासाठी दारोदार फिरावे, यातील विनोद त्यांच्याही ध्यानी आला असेल. भांडवल काही उभे राहिले नाही. १९०७ च्या अखेरीस दादाभाईंचा हातही आखडला, आणि १९०८ मध्ये भिसे यांनी निराश मनाने मुंबईची बोट धरली.

दैवयोगाने त्याच बोटीवर गोपाळ कृष्ण गोखले होते. हा प्रवास ठरवून घडवता आला नसता! गोखल्यांनी ही सारी हकीकत ऐकली आणि रतन जमशेटजी टाटा यांच्याकडे शब्द टाकला. हे रतन टाटा म्हणजे जमशेटजींचे धाकटे चिरंजीव. दक्षिण आफ्रिकेतील गांधीजींच्या लढ्यास आणि पाटलिपुत्राच्या उत्खननास सढळ हाताने साहाय्य करणारे. १९१० मध्ये टाटा-भिसे इन्व्हेन्शन सिंडिकेट स्थापन झाले आणि भिसे पुन्हा लंडनला गेले. आमच्या बडोद्यात श्रीमंत सयाजीराव महाराजांनी बोर्डन यांना अमेरिकेहून आणून गावोगावच्या वाचनालयांची योजना हाती घेतली तीही १९१० मध्येच. एकीकडे वाचक घडवण्याची, तर दुसरीकडे अक्षर घडवण्याची तयारी चालली होती.

परंतु यंत्राच्या दुरुस्त्या संपेनात, खर्च वाढत चालला आणि १९१४ मध्ये महायुद्ध पेटले. १९१५ मध्ये सिंडिकेट गुंडाळले गेले. दोष कोणाचा, हे ठरवणे कठीण. टाटांनी पैसा देण्यात कुचराई केली असे म्हणता येत नाही. भिसे यांनी कष्टात कसूर केली असेही नाही. एकच यंत्र पुरे करून बाजारात आणावे की त्याहून सरस दुसरे योजावे, या पेचात भिसे यांचा कल नेहमी दुसरीकडे झुकला, असे मात्र दिसते.

पुढची कहाणी न्यूयॉर्कची. महायुद्ध चालू असतानाच ते अमेरिकेस गेले. तेथे कपडे धुण्याच्या एका रसायनाने चार पैसे हाती आले, आणि १९२० च्या सुमारास 'भिसे आयडियल टाइप कास्टर' या नावाने खिळ्यांच्या यंत्राची कंपनीही निघाली. यंत्र आता पूर्वीपेक्षा साधे, आटोपशीर झाले होते. परंतु मधल्या वीस वर्षांत बाजार लायनोटाइप आणि मोनोटाइप यांनी काबीज केला होता. आपल्या देवनागरीस तर या यंत्राचा लाभ झालाच नाही. रोमन लिपीचे काम शेदीडशे खिळ्यांत भागते, तर काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांपायी देवनागरीस कित्येकशे खिळे लागत. ती संख्या घटवण्यासाठी लोकमान्य टिळकांनीही डोके शिणवले होते. भिसे यांच्यासारख्याची बुद्धी त्या कामी लागती तर, असे मराठी वाचकाच्या मनात आल्याशिवाय राहत नाही. परंतु ज्यांना घरातच पाठबळ मिळाले नाही, त्यांनी घराचेच काम आधी करावे ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करावी?

उत्तरायुष्यात त्यांना खरा पैसा मिळवून दिला तो यंत्राने नव्हे, तर आयोडिनपासून सिद्ध केलेल्या 'ॲटोमिडाइन' या औषधाने. वृत्ती तत्त्वचिंतनाकडेही वळली होती. परलोकीच्या आत्म्यांचे निरोप उमटवणारे एक टंकयंत्रही त्यांनी योजले. त्या काळी विलायत-अमेरिकेत मोठमोठ्यांना हा नाद होता, एवढे ध्यानी ठेवून ते वाचावे.

अमेरिकेतील वृत्तपत्रे त्यांना हिंदुस्थानचे एडिसन म्हणत. २३ डिसेंबर १९३० रोजी त्यांची खऱ्या एडिसनशी भेट झाली. एडिसन तेव्हा त्र्याऐंशी वर्षांचे होते. त्यांच्या नावावर एक हजार त्र्याण्णव अमेरिकन पेटंटे होती, आणि तिशी उलटण्यापूर्वीच, १८७६ मध्ये, मेन्लो पार्क येथे त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा उभारली होती. कारागिरांचा ताफा त्यांच्या दिमतीस होता आणि मॉर्गनसारखे पेढीवाले पाठीशी. भिसे यांच्या पाठीशी एक वृद्ध देशभक्त, एक समाजवादी स्नेही आणि पाच वर्षे टिकलेले एक सिंडिकेट. भेटीनंतर वर्षाच्या आतच, ऑक्टोबर १९३१ मध्ये एडिसन निवर्तले. भिसे न्यूयॉर्कमध्येच राहिले, आणि तेथेच ७ एप्रिल १९३५ रोजी त्यांचे देहावसान झाले. अडुसष्टावे वर्ष पुरे होण्यास तेव्हा बावीस दिवस उरले होते.