थांबायला शिकलेला प्रवासी : रेव्हरंड नारायण वामन टिळक



नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याचा रस्ता एकत्र येतात. तेथे वाहनांची गर्दी झाली की थोडा वेळ वाचवण्यासाठी उलट्या बाजूने घुसणारे दुचाकीस्वार आपण रोज पाहतो. खरे सांगायचे तर कधी कधी आपणही त्यांच्यातलेच असतो. याच चौकातून पुण्याच्या रस्त्याने सिन्नरपर्यंत गेले, की पुढे राहुरी आणि नगरकडे जाणारी वाट फुटते. नाशिक ते नगर हे अंतर फार नाही. पण नाशिकच्या मातीत वाढलेल्या एका दांपत्याला ते तोडण्यासाठी जवळजवळ पाच वर्षे लागली. त्या दोघांपैकी पतीची ही जीवनकथा आहे.

नारायण वामन टिळक यांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. आई लवकर गेली, वडील स्वभावाने कठोर. लहान वयातच घर सोडून नारायण नाशिकला आले आणि गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्या विद्वानाकडे संस्कृत शिकले. 1880 साली त्यांचा विवाह गोदाकाठच्या जलालपूर गावातील गोखल्यांच्या मुलीशी झाला. वधू अवघी बारा-एक वर्षांची होती. तीच पुढे लक्ष्मीबाई टिळक या नावाने महाराष्ट्राला परिचित झाली.

टिळक बुद्धिमान होते, कवी होते, उदार होते. मात्र एका ठिकाणी टिकणे त्यांना जमत नसे. एक नोकरी सोडायची, दुसरी धरायची, मनात आले की कोणालाही न सांगता घराबाहेर पडायचे, असे पुष्कळदा घडले. जवळचे पैसे समोरच्या गरजवंताला देऊन रिकाम्या हाताने घरी यायचे. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये हे सारे हसत हसत लिहिले आहे, पण सोसताना ते हसण्यासारखे नव्हते. आपणा सर्वांचा एखादा ठरलेला मोह असतो. टिळकांचा मोह पैशाचा नव्हता, मानाचाही फारसा नव्हता. अडचण समोर आली की उठून चालू लागायचे, हा त्यांचा मोह होता.

1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांचे संभाषण झाले. त्या गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांनी ते पुस्तक वाचायला घेतले. संत मत्तयच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले आणि तेथून पुढे त्यांची सुटका झाली नाही.

यानंतर एक सोपी वाट त्यांच्यासमोर खुली होती. अंतःकरणात ख्रिस्त ठेवायचा आणि बाहेर शास्त्रीबुवांची प्रतिष्ठा सांभाळायची. त्या काळी असे करणारे सुशिक्षित लोक कमी नव्हते. टिळकही आरंभी काही काळ त्याच वाटेने गेले. ख्रिस्ती नियतकालिकाशी त्यांनी पत्रव्यवहार केला तो नाव लपवून. परंतु लपून राहणे त्यांना असह्य झाले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी स्नानसंस्कार स्वीकारला.

लक्ष्मीबाई त्या वेळी सोबत नव्हत्या. बातमी कळली तेव्हा त्या कोसळल्याच. लहानगा दत्तू त्यांच्यापाशी होता. आप्तांच्या आधाराने त्या राहिल्या, पुढे पंढरपुरात त्यांनी बराच काळ काढला. टिळक अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनच्या कामात रुजू झाले. पतीने धर्म सोडला आणि पत्नी जिवंतपणी विधवेसारखी झाली, अशी तेव्हाची समजूत होती. टिळकांच्या निर्णयाची अर्धी किंमत, कदाचित अर्ध्याहून अधिक, या बाईने चुकती केली. हे सांगितल्याशिवाय टिळकांचा गौरव करणे मला तरी योग्य वाटत नाही.

आता खरा मोह समोर आला. 1866 च्या धर्मांतरितांच्या विवाहविच्छेद कायद्यानुसार, धर्मांतरामुळे जोडीदाराने सहवास नाकारल्यास ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला न्यायालयात जाता येत असे आणि ठरलेली मुदत संपल्यावर विवाहबंधनातून मोकळे होऊन पुन्हा लग्न करता येत असे. टिळक तेव्हा अवघे तेहेतीस-चौतीस वर्षांचे होते. संत पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातही, विश्वास न ठेवणारा जोडीदार सोडून जात असेल तर त्याला जाऊ द्यावे, अशी मुभा आहे आणि ख्रिस्तसभा ती मानते. म्हणजे कायदा अनुकूल, शास्त्राचा आधार हाताशी, आणि उठून चालू लागायचा जन्माचा स्वभाव! येथे मला अरण्यातील प्रभू येशूची आठवण होते. सैतानाने त्याला मंदिराच्या कंगोऱ्यावर नेले तेव्हा पवित्र शास्त्रातील वचनच पुढे केले होते. पौलाने दिलेली मुभा म्हणजे मोह नव्हे, हे उघड आहे. परंतु सुटकेसाठी आतुर झालेले मन उत्तम वचनाचीही पळवाट करू शकते.

टिळक त्या वाटेने गेले नाहीत. पूर्वी कोठेच न टिकणारा हा माणूस या एका गोष्टीत जागचा हलला नाही. ते पत्नीची वाट पाहत राहिले. अखेर लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन नगरला आल्या, त्या धर्म बदलण्यासाठी नव्हे. त्यांची चूल वेगळी, सोवळेओवळे वेगळे. टिळकांनी ते सारे चालू दिले. स्वतःच्या घरात पत्नीच्या स्वयंपाकघराबाहेर थांबण्याची वेळ या धर्मोपदेशकावर आली आणि तापट स्वभावाच्या त्या माणसाने ती मानली. घाई केली असती तर एक बाप्तिस्मा नोंदवहीत लिहिला गेला असता, एवढेच.

पुढे राहुरीत लक्ष्मीबाईंच्या मनात जातिभेदाविषयी स्वतंत्रपणे विचार सुरू झाला. भेद देवाने केले नसून माणसाने केले आहेत, हे त्यांचे त्यांनाच पटले. ज्या हातचे पाणी पूर्वी चालत नसे त्या हातचे पाणी त्या पिऊ लागल्या. 1900 साली त्यांनी स्नानसंस्कार घेतला.

टिळकांचे नंतरचे आयुष्य बहुतेकांना ठाऊक आहे. फुलामुलांचे कवी म्हणून लाभलेली कीर्ती, 1907 मधील जळगावच्या कविसंमेलनातील सहभाग, बालकवी ठोंबरे यांना घरच्या मुलासारखा दिलेला आसरा, 1912 पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन. ते आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचे नव्हते. तरी मराठीत प्रभूला आळवताना त्यांची भजने कोणाला परकी वाटत नाहीत.

1917 साली त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि संन्यस्त वृत्ती स्वीकारून ‘देवाचा दरबार’ या कार्याला आरंभ केला. परदेशी पैशाच्या आधाराने दिलेली ख्रिस्ताची साक्ष आपल्या लोकांना आपली वाटत नाही, ही त्यांची खंत होती. वरवर पाहता हेदेखील जुनेच उठून जाणे वाटेल. घर मुलाबाळांनी, आश्रितांनी भरलेले, आणि मिळकत बंद! पण या वेळी ते घर टाकून गेले नाहीत. संन्याशाच्या या वाटेवर, साताऱ्याच्या वास्तव्यात, लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर होत्या.

9 मे 1919 रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देहाला अग्नी देण्यात आला आणि अस्थी नगरला नेऊन पुरल्या. प्रभू येशूच्या जीवनावरील ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभीचे मोजकेच अध्याय लिहून मागे राहिले होते. शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाई ते पुढे लिहीत राहिल्या. 1936 साली नाशिकमध्येच त्यांनी देह ठेवला, तेव्हा त्या काव्याचा फार मोठा भाग त्यांच्या हातचा झाला होता.