बास्केटबॉलचे जनक

लगोऱ्या, विटीदांडू, आट्यापाट्या हे खेळ प्रथम कोणी खेळले, हे आज कोणालाच सांगता येणार नाही. लोक खेळत गेले आणि खेळता खेळताच त्यांचे नियम ठरत गेले. बास्केटबॉलची गोष्ट मात्र निराळी आहे. हा खेळ कोणी निर्माण केला, कोठे केला आणि कोणत्या अडचणीतून केला, हे सारे ज्ञात आहे. एका तरुण शिक्षकाला चौदा दिवसांची मुदत मिळाली होती आणि त्या मुदतीतच हा खेळ जन्मास आला. त्या शिक्षकाचे नाव जेम्स नाइस्मिथ.

जेम्सचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ रोजी कॅनडा देशातील ओंटॅरिओ प्रांतात, आल्माँट या गावाजवळ झाला. त्याचे घराणे मूळचे स्कॉटलंडमधील. वडील लाकूड कापण्याच्या गिरणीत काम करीत. १८७० मध्ये वडिलांना विषमज्वर झाला व त्यातच त्यांचा अंत झाला. तीन आठवडे लोटण्यापूर्वीच त्याच रोगाने आईही गेली. ती गेली त्या दिवशी जेम्सला नऊ वर्षे पूर्ण झाली होती. जेम्स, त्याची बहीण अ‍ॅनी आणि भाऊ रॉबर्ट ही तिन्ही मुले पोरकी झाली. प्रथम आजीने व पुढे पीटर यंग या अविवाहित मामाने त्यांचा सांभाळ केला.

पीटरमामा शिस्तीचे कठोर होते. मुलाने आपल्या अडचणीतून आपणच मार्ग काढला पाहिजे, असे त्यांचे मत होते. एकदा हिवाळ्यात जेम्स घोड्यांची जोडी घेऊन गोठलेल्या नदीवरून चालला होता. एके ठिकाणी पातळ बर्फ मोडले आणि घोडे पाण्यात सापडले. जेम्सने मोठ्या शर्थीने त्यांना ओढून काठावर आणले. पाहतो तो झाडांच्या आड मामा उभे! त्यांनी सारा प्रकार पाहिला होता. पण मदतीला मात्र ते पुढे आले नव्हते. मामांचा हा धडा जेम्सला आयुष्यभर उपयोगी पडला.

गावातील एकखोलीच्या शाळेत जेम्स शिकत असे. शाळा सुटली की मुले एक खेळ खेळत. मोठ्या खडकावर एक लहान दगड ठेवायचा आणि दुरून दगड फेकून तो खाली पाडायचा. आपल्याकडील लगोऱ्यांची आठवण करून देणारा असा हा खेळ होता. जोराने सरळ फेकलेला दगड नेम चुकला तर फार दूर जाई आणि तो आणण्यासाठी धावणारा मुलगा हटकून पकडला जाई. म्हणून हुशार मुले दगड हलकेच, उंच कमान करून फेकीत. लहानपणी पाहिलेली ही गोष्ट जेम्स विसरला नाही.

पंधरा वर्षांचा असताना त्याने शाळा सोडली. सुमारे पाच वर्षे तो जंगलात लाकूडतोड्यांबरोबर राबला. पुढे शिक्षणाचे महत्त्व पटले, तेव्हा आपल्याहून लहान मुलांच्या शेजारी बसण्याची लाज न बाळगता तो पुन्हा शाळेत गेला. त्यानंतर माँट्रिअल येथील मॅकगिल विद्यापीठात त्याने पदवी मिळवली व धर्मोपदेशक होण्यासाठी धर्मशास्त्राचाही अभ्यास केला.

मॅकगिलमध्ये नाइस्मिथ फुटबॉल आणि कसरतीचे खेळ मोठ्या आवडीने खेळत. धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याने मैदानावर धिंगाणा घालावा, हे त्यांच्या अनेक मित्रांना पसंत नव्हते. परंतु एका सामन्यात घडलेल्या लहानशा प्रसंगाने त्यांना वेगळाच विचार सुचला. रागाच्या भरात शेजारच्या खेळाडूच्या तोंडून अपशब्द निघाला. दुसऱ्याच क्षणी नाइस्मिथ जवळ आहेत हे ध्यानात येताच तो ओशाळला व त्याने क्षमा मागितली. नाइस्मिथांनी त्याला कधी उपदेश केला नव्हता. केवळ त्यांच्याबरोबर खेळल्यामुळे त्याला आपल्या वागण्याची लाज वाटली होती. जे प्रवचनाने साधावयाचे, ते मैदानावरही साधता येईल, असे नाइस्मिथांना वाटू लागले. म्हणून १८९० मध्ये उपदेशकाची वाट सोडून ते अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड या शहरी गेले. यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन या संस्थेचे कार्यकर्ते व व्यायामशिक्षक तयार करणारे विद्यालय तेथे होते. भावाचा हा निर्णय बहीण अ‍ॅनीला मुळीच रुचला नाही.

स्प्रिंगफील्डला हिवाळ्यात बर्फ पडते. मैदानी खेळ बंद होतात आणि वसंत ऋतूपर्यंत विद्यार्थ्यांना व्यायामशाळेच्या चार भिंतींत राहावे लागते. तेथे रोज त्याच कवायती व त्याच कसरती असत. अठरा विद्यार्थ्यांचा एक वर्ग या प्रकाराला अगदी विटून गेला होता. हे सर्व विद्यार्थी चांगले वाढलेले तरुण होते. ते शिक्षकांचे ऐकत नसत आणि तास कसाबसा ढकलीत. दोन शिक्षकांनी या वर्गापुढे हात टेकले. तेव्हा शारीरिक शिक्षण विभागाचे प्रमुख ल्यूथर गुलिक यांनी तो वर्ग नाइस्मिथांकडे सोपवला आणि घरात खेळता येईल असा नवा खेळ शोधण्यासाठी त्यांना चौदा दिवसांची मुदत दिली.

नाइस्मिथांनी प्रथम मैदानावरचे खेळच आत आणून पाहिले. फुटबॉल खेळवला, तर धक्काबुक्कीत मुलांना इजा होऊ लागली. लाक्रॉस या काठीच्या खेळात हातांना व तोंडाला मार बसू लागला. मुदत संपत आली आणि वर्ग होता तसाच राहिला. दुसरा एखादा शिक्षक असता, तर त्याने मुलांनाच दोष दिला असता. नाइस्मिथांनी मात्र दोष खेळांत शोधला. प्रत्येक खेळाचे भाग वेगळे करून ते विचार करू लागले.

चेंडू असलेला खेळ मुलांना आवडतो. म्हणून चेंडू हवाच. तो लहान असला तर मारण्यासाठी काठी लागते आणि काठीने इजा होते. म्हणून चेंडू मोठा व हाताने खेळता येणारा हवा. फुटबॉलमध्ये झोंबाझोंबी का होते? खेळाडू चेंडू घेऊन पळतो आणि त्याला थांबवण्यासाठी इतर त्याला पाडतात. मग चेंडू घेऊन पळण्यासच बंदी केली, तर पाडण्याचे कारणच उरणार नाही! हा विचार सुचताच निम्मे काम झाले. आता प्रश्न गोलाचा होता. गोल जमिनीवर उभा असला तर चेंडू जोराने मारला जातो आणि लागतो. येथे त्यांना गावचा तो दगड फेकण्याचा खेळ आठवला. गोलाचे तोंड आडवे करून तो डोक्यांच्या वर टांगला, तर चेंडू हलकेच, कमान करून फेकावा लागेल. तेथे बळापेक्षा कौशल्याला मान मिळेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी विद्यालयाचे रखवालदार स्टेबिन्स यांच्याकडे सुमारे दीड फुटाची दोन चौकोनी खोकी मागितली. खोकी नव्हती, पण पीच या फळांच्या दोन करंड्या कोठीत पडल्या होत्या. नाइस्मिथांनी त्या व्यायामशाळेच्या दोन टोकांना सज्जाच्या कठड्याखाली ठोकल्या. तो सज्जा जमिनीपासून दहा फूट उंच होता. आजही बास्केटबॉलचे कडे दहा फूट उंचीवरच असते, त्याचे मूळ त्या सज्जात आहे. मग त्यांनी तेरा नियम लिहून काढले, ते टंकलिखित करून घेतले आणि फलकावर लावले. धक्का देणे, धरणे, पाडणे, मारणे यांना सक्त मनाई होती. एका संघाने लागोपाठ तीन वेळा नियम मोडला, तर प्रतिपक्षाला एक गोल मिळे.

२१ डिसेंबर १८९१ हा तो दिवस. आणखी एक नवे खूळ आले, अशा भावनेने विद्यार्थी व्यायामशाळेत शिरले. नाइस्मिथांनी नऊ-नऊ जणांचे दोन संघ पाडले आणि फुटबॉलचा चेंडू वर उडवला. खेळ सुरू झाला. चेंडू या हातातून त्या हातात जाऊ लागला. कोणाला कोठे उभे राहावे हे कळत नव्हते आणि चुकाही पुष्कळ होत होत्या. तरी कोणालाही थांबावेसे वाटेना. विल्यम चेस या विद्यार्थ्याने दुरून चेंडू करंडीत टाकला. त्या सामन्यातला तेवढाच एक गोल. करंडीला बूड होते, त्यामुळे गोल झाला की चेंडू वर चढून काढावा लागे. वर्ग मात्र जिंकला गेला होता.

थोड्याच दिवसांत सज्जात प्रेक्षकांची दाटी होऊ लागली. खेळाला नाइस्मिथांचेच नाव द्यावे, असे फ्रँक महान या विद्यार्थ्याने सुचवले. नाइस्मिथांनी ते हसण्यावारी नेले. तेव्हा बास्केट म्हणजे करंडी आणि बॉल म्हणजे चेंडू यांवरून महाननेच बास्केटबॉल हे नाव पुढे केले आणि ते सर्वांना पटले. जानेवारी १८९२ मध्ये नियम छापून प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी ११ मार्च रोजी सुमारे दोनशे प्रेक्षकांसमोर शिक्षक विरुद्ध विद्यार्थी असा सामना झाला. विद्यार्थ्यांनी आपल्या शिक्षकांचा ५-१ असा पराभव केला. स्त्रियाही लवकरच हा खेळ खेळू लागल्या. त्यांच्यातील मॉड शर्मन यांच्याशी १८९४ मध्ये नाइस्मिथांचा विवाह झाला.

स्प्रिंगफील्डचे विद्यार्थी नोकरीनिमित्त जेथे गेले, तेथे हा खेळ गेला. पहिल्या अठरा जणांपैकी डंकन पॅटन यांनी १८९४ मध्ये तो भारतात आणला. पुढे मुंबईतील नागपाडा या दाट वस्तीच्या भागात तो असा रुजला, की तेथील अब्बास मुंतसीर हे भारतीय संघाचे कर्णधार झाले.

नाइस्मिथांनी १८९८ मध्ये डेन्व्हर येथे वैद्यकाची पदवी मिळवली आणि त्याच वर्षी ते कॅन्सस विद्यापीठात शारीरिक शिक्षणाचे अध्यापक झाले. तेथे त्यांनी बास्केटबॉलचा संघ उभा केला. ३ फेब्रुवारी १८९९ रोजी झालेला पहिलाच सामना त्यांचा संघ १६-५ असा हरला. १९०७ पर्यंत त्यांनी संघ सांभाळला. त्या काळात ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. ज्यांनी खेळ निर्माण केला, त्यांच्याच संघाचे पराभव विजयांपेक्षा अधिक! नाइस्मिथांना याचे वैषम्य वाटत नसे. विजय हाच खेळाचा हेतू आहे, असे त्यांनी कधी मानलेच नाही. त्यांच्या संघातील फॉग अ‍ॅलन हा खेळाडू पुढे फार यशस्वी प्रशिक्षक झाला. पण हा खेळ शिकवण्यापेक्षा खेळण्यासाठी आहे, असेच गुरूंचे मत राहिले.

विजयापेक्षा माणूस मोठा, ही त्यांची दृष्टी एका प्रसंगी विशेष दिसून आली. १९३३ मध्ये जॉन मॅक्लेंडन हा कृष्णवर्णी तरुण कॅन्सस विद्यापीठात आला. वर्णभेदामुळे विद्यापीठाच्या संघात त्याला स्थान नव्हते. सत्तरी ओलांडलेल्या नाइस्मिथांनी त्याला आपल्या मार्गदर्शनाखाली घेतले आणि प्रशिक्षक होण्याची विद्या दिली. ज्याला संघात खेळू दिले नाही, त्याच मॅक्लेंडन यांच्या संघाने १९५७, १९५८ व १९५९ अशी लागोपाठ तीन वर्षे महाविद्यालयांची एक राष्ट्रीय स्पर्धा जिंकली.

१९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिक सामन्यांत बास्केटबॉलचा समावेश झाला. नाइस्मिथांना तेथे जाता यावे म्हणून अमेरिकेतील प्रशिक्षकांनी वर्गणी जमवली. एकवीस देशांचे संघ खेळले. अंतिम सामना भर पावसात, उघड्या मैदानावर झाला. त्यात अमेरिकेने कॅनडाचा १९-८ असा पराभव केला. एक त्यांची जन्मभूमी आणि दुसरी कर्मभूमी! विजेत्यांना पदके नाइस्मिथांच्याच हस्ते मिळाली.

२८ नोव्हेंबर १९३९ रोजी कॅन्ससमधील लॉरेन्स येथे त्यांचे निधन झाले. आपल्या शोधाचे हक्क त्यांनी स्वतःकडे राखून ठेवले नाहीत आणि त्यावर धनही मिळवले नाही. त्यांच्या तेरा नियमांचा मूळ कागद २०१० मध्ये लिलावात निघाला, तेव्हा त्याला सुमारे ४३ लाख डॉलर किंमत आली. आता तो कागद कॅन्सस विद्यापीठात जपून ठेवलेला आहे.

नाइस्मिथांची योग्यता त्या किमतीवरून ठरवता येणार नाही. इतरांनी वाया गेलेला म्हणून सोडून दिलेला एक वर्ग त्यांनी आपला मानला आणि त्या मुलांना दोष न देता त्यांच्यासाठी खेळ शोधला. आजही एखाद्या शाळेच्या अंगणात मुले दहा फूट उंचीच्या कड्याकडे चेंडू फेकतात, तेव्हा त्या शिक्षकाच्या चौदा दिवसांच्या श्रमांचे फळच त्यांना मिळत असते.