चुकलेली बस

मार्टिन ल्यूथर किंग यांचं नाव आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. त्यांच्या हाकेला ओ देऊन घराबाहेर पडलेल्या तरुणांची नावं मात्र आपल्यापर्यंत फारशी पोचत नाहीत. जोनाथन डॅनियल्स हा त्यांतलाच एक. त्याच्या चर्चनं त्याला हुतात्मा मानलं आहे.

न्यू हॅम्पशायरमधल्या कीन या गावी १९३९ साली एका डॉक्टरच्या घरी तो जन्मला. लष्करी शिस्तीच्या कॉलेजातून पदवी घेऊन तो हार्वर्डला इंग्रजी साहित्य शिकायला गेला. १९६२ च्या ईस्टरला चर्चमध्ये असताना त्याच्या मनानं वेगळाच कौल दिला आणि पुढच्या वर्षी पाद्री होण्यासाठी बॉस्टनजवळच्या धर्मविद्यालयात त्यानं नाव घातलं.

७ मार्च १९६५ रोजी अलाबामातल्या सेल्मा गावी, मताचा हक्क मागत शांतपणे निघालेल्या कृष्णवर्णीयांना पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधुरानं झोडपलं. किंग यांनी देशभरच्या धर्मगुरूंना बोलावलं. पाद्री आले, नन आल्या, ज्यू रब्बी आले आणि धर्मविद्यालयांतली पोरंही आली. जोनाथन त्यांतच होता. शनिवार-रविवार उरकून परतायचं, एवढाच बेत. पण त्याची आणि ज्युडिथ अपहॅम या सहाध्यायिनीची परतीची बस चुकली. बाहेरच्यांनी दोन दिवस यायचं नि निघून जायचं, हे गावकऱ्यांना कसं वाटत असेल, हा विचार तेव्हा दोघांना शिवला. विद्यालयाची परवानगी घेऊन ती पुन्हा सेल्माला आली.

जोनाथन एका कृष्णवर्णीय कुटुंबात राहिला. मुलांना शिकवलं, मतदार नोंदणीला हातभार लावला आणि कृष्णवर्णीय मुलांना घेऊन गोऱ्यांच्या चर्चमध्ये जाऊन बसला. शेजारच्या लाउंड्स जिल्ह्यात कृष्णवर्णीयांची बहुसंख्या होती. तरी १९६५ उजाडलं तेव्हा मतदारयादीत त्यांचं एकही नाव नव्हतं. उभं आयुष्य खतावण्या तपासण्यात घालवलेल्या माझ्यासारख्याला हा कोरा रकाना फार बोलका वाटतो.

त्याच जिल्ह्यात १४ ऑगस्टला, फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या दुकानांपुढे निदर्शनं करताना त्यांना अटक झाली. कचऱ्याच्या ट्रकमधून तुरुंगात नेलं. सहा दिवसांनी अचानक सोडून दिलं. एक कॅथलिक पाद्री आणि दोन कृष्णवर्णीय मुली यांच्याबरोबर जोनाथन थंड पेय घ्यायला जवळच्या दुकानाकडे गेला. दारात टॉम कोलमन नावाचा गोरा माणूस बंदूक घेऊन उभा होता. त्यानं सतरा वर्षांच्या रूबी सेल्सवर नेम धरला. जोनाथननं तिला बाजूला ढकललं आणि गोळी स्वतः झेलली. तो जागीच गेला. वय अवघं २६. बरोबरचे पाद्री गंभीर जखमी झाले, पण वाचले.

केवळ गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीनं कोलमनला निर्दोष सोडलं. पण १९६६ मध्ये केंद्रीय न्यायालयानं त्या जिल्ह्यातल्या ज्यूरीतून कृष्णवर्णीयांना आणि स्त्रियांना वगळणं घटनाबाह्य ठरवलं. धमक्यांना न जुमानता रूबीनं साक्ष दिली. पुढे ती जोनाथनच्याच धर्मविद्यालयात शिकली आणि सामाजिक न्यायाच्या कामात राहिली.

आपला मुलगा मोर्च्याला निघाला की आईबापांचा जीव टांगणीला लागतो, तो लागणारच. मोर्चा एका दिवसाचा असतो. जोनाथनचं मोल मात्र तो संपल्यावर मागे राहण्यात होतं.