तेल खाली टपकतं, गळती वर असते: पद्मिनी आणि वालचंद हिराचंद

जुन्या गाडीखाली तेलाचा डाग दिसला की आपण बरोबर त्याच्या वर बघतो. पण तेल तिथूनच गळत असेल असं नाही. ते इंजिनच्या अंगावरून ओघळतं, गाडी धावताना वाऱ्याने मागे सरकतं आणि सगळ्यात खालच्या बोल्टवरून टपकतं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तिथेही एरर दिसते एका ठिकाणी, चूक सापडते दुसऱ्याच.

मुंबईच्या रस्त्यांवर २०२३ पर्यंत काळी-पिवळी म्हणून धावलेली प्रीमियर पद्मिनी तुम्हाला माहीत असेल. तिचं तेल कसं शोधायचं ते बघूच. आधी ती गाडी बनवणारी कंपनी ज्यांनी काढली, त्यांच्याबद्दल.

वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घरात कापसाचा व्यापार आणि सावकारी. त्यांनी मात्र रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटकांबरोबर ठेकेदारी सुरू केली. पुढे बोरघाटातले रेल्वे बोगदे त्यांच्या कंपनीने खोदले.

१९१९ मध्ये ते सिंदिया कंपनीतून जहाजाच्या धंद्यात उतरले. ५ एप्रिलला 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली. म्हणूनच त्या तारखेला राष्ट्रीय सागरी दिन असतो. ब्रिटिश कंपन्यांनी भाडं पाडून त्यांना जेरीस आणलं. पण जहाज विकत आणलं तरी ते बांधणारा परदेशीच राहतो. मग १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना उभा राहू लागला. त्याआधी १९४० मध्ये बंगळूरला विमानाचा कारखाना निघाला होता. युद्धात सरकारने तो ताब्यात घेतला.

मोटारीच्या कारखान्याला तर युद्धकाळात सरकारने साथच दिली नाही. तरी १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्यात अमेरिकेच्या क्रायस्लरच्या गाड्या जोडायला सुरुवात झाली. सुटे भाग बाहेरून यायचे. १९४९ मध्ये वालचंदना पक्षाघात झाला, १९५० मध्ये ते निवृत्त झाले आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गेले. पद्मिनी जिच्यापासून आली ती फियाट ११०० कुर्ल्यात बनू लागली, तेव्हा ते नव्हते.

मला त्यांच्या आयुष्यात एकच सवय दिसते: अडलं की एक पायरी वर जाऊन बघायचं. गळतीही तशीच शोधायची.

१. साफ करा. इंजिन थंड असताना कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटर प्लास्टिकने झाका. डिग्रीझरने सगळं पुसून कोरडं करा. संशय असेल तिथे टाल्कम पावडर भुरभुरा.

२. चालवून बघा. दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवा. थोड्या थोड्या वेळाने फोनचा टॉर्च लावून त्याच जागेचे फोटो काढा. फॅन आणि पट्ट्यापासून हात लांब ठेवा.

३. सगळ्यात वरचा, सगळ्यात पुढचा ओला डाग शोधा. खालचं सगळं तिथूनच आलेलं असू शकतं.

४. वरून खाली या. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, पेट्रोल पंपाची बैठक, ऑइल प्रेशरचा स्विच, पुलीमागचं सील, ऑइल चेंबरचं पॅकिंग आणि शेवटी गिअरबॉक्सजवळचं मागचं सील. शेवटच्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून आधी बाकीचं तपासून घ्या.

५. ब्रीदर बघा. इंजिनच्या आतली हवा बाहेर सोडणारी ही नळी तुंबली की आत दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या फटीतून बाहेर येतं. अशा वेळी पॅकिंग कितीही बदला, गळती परत येते.

बोल्ट जोर लावून आवळू नका; कव्हर वाकतं आणि गळती वाढते.

माझ्या तळेऱ्याला हे नुसतं डागापुरतं नाही. मुंबई-गोवा हायवे सोडून कोल्हापूरचा रस्ता धरला की पुढे करूळ घाट येतो. चढावर इंजिन तापतं. तेव्हाच तेल कमी पडलं तर बेअरिंग जातात, आणि गरम सायलेन्सरच्या पाइपवर पडलेलं तेल पेटूही शकतं. म्हणून निघण्याआधी डिपस्टिक काढून तेल बघाच.

जुन्या इंजिनचं पॅकिंग वयाने कडक होतं, त्यात नवल नाही. पण कॉर्कच्या शीटमधून ते कापून बसवणारे मेकॅनिक आजही भेटतात. गाड्या इथे बनल्या, म्हणून त्या दुरुस्त करणारे हातही इथेच तयार झाले.