परदेशी वजीर महमूद गवान

बीदरच्या जुन्या शहरात एक भव्य पण भग्न वास्तू उभी आहे. तिच्या उरलेल्या मिनारावर रंगीत कौलांचे तुकडे अद्याप चमकतात. हा महमूद गवान यांचा मदरसा होय. तो बांधणारा पुरुष मात्र या मातीत जन्मलेला नव्हता.

इराणमधील गीलान प्रांतात इ. स. १४११ च्या सुमारास त्यांचा जन्म एका घरंदाज कुळात झाला. दरबारी वैरामुळे त्यांना मायभूमी सोडावी लागली. व्यापार करीत करीत इ. स. १४५३ च्या सुमारास ते आमच्या कोकणातील दाभोळ बंदरी उतरले आणि तेथून बीदरला आले. बहमनी सुलतानांनी त्यांना आश्रय दिला. पुढे इ. स. १४६६ मध्ये ते राज्याचे मुख्य वजीर झाले.

त्या वेळी दरबारात दोन तट होते. येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले ते दख्खनी आणि समुद्रापलीकडून आलेले ते आफाकी. हे वैर इतके विकोपास गेले होते की, इ. स. १४४७ च्या सुमारास चाकण येथे अनेक आफाकींची कत्तल झाली. गवान स्वतः आफाकी होते. परंतु त्यांनी आपल्याच लोकांची भर केली नाही. मोठ्या जागा दोन्ही पक्षांत तोलून वाटल्या. चार सुभ्यांचे आठ केले, जमिनीची मोजणी सुरू केली आणि एका सरदाराच्या हाती एकच किल्ला ठेवला.

ते विजेतेही होते, हे आम्ही लपवीत नाही. संगमेश्वर, खेळणा व गोवा यांवरील त्यांच्या स्वाऱ्यांची झळ कोकणाने सोसली आहे. पण इ. स. १४७२ मध्ये त्यांनी उभारलेल्या मदरशात विद्यार्थ्यांच्या राहण्याजेवणाची सोय होती आणि सुमारे तीन हजार ग्रंथांचा संग्रह होता. दूरदूरचे पंडित तेथे शिकवीत. स्वतः वजीर मात्र साधेपणाने राहत व आपले धन गोरगरिबांवर खर्च करीत.

ज्यांची सत्ता आटोक्यात आली, त्यांना हे रुचले नाही. त्यांनी गवान यांच्या शिक्क्याखाली ओरिसाच्या राजाला लिहिलेले खोटे पत्र तयार करविले. सुलतान तिसरे मुहम्मद यांनी शहानिशा न करता ५ एप्रिल १४८१ रोजी सत्तरीच्या या वृद्धाचा शिरच्छेद करविला. निरपराधित्व कळले, परंतु उशिरा. वर्षभरातच सुलतानही वारले आणि हळूहळू त्या राज्याची पाच शकले झाली. परका म्हणून ज्याच्यावर संशय घेतला, त्याच्याच आधारावर ते राज्य उभे होते!

आज आमच्या सीमाभागात ऊसतोडीसाठी, वीटभट्टीसाठी परगावची कुटुंबे येतात. त्यांच्या मुलांपाशी जन्माचा दाखला नसतो, शाळा सोडल्याचा दाखला नसतो, कधी आमची भाषाही नसते. सन २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलास अशा कागदांवाचून प्रवेश नाकारता येत नाही. पण कायदा केवळ दार उघडतो. बाकावर सरकून जागा देणे हे तुमच्या-आमच्या हाती आहे. नवा मुलगा वर्गाच्या दाराशी उभा राहील, तेव्हा दाभोळला उतरलेला तो वाटसरू आठवावा. कोणाच्या पदरी कोणते देणे आहे, हे दाराशी उभे असताना कोणास दिसते?